बोक्याची साखर आणि पावणेआठची लोकल

प्रश्न : आमचा बोका गोट्या दहा वर्षांचा आहे. नसबंदी झालेली, कायम घरातच. मागच्या वर्षी सात किलोचा होता, आता साडेपाचवर आलाय. भूक मात्र दुप्पट झाली आहे. बाथरूममधल्या बादलीवर चढून पाणी पितो आणि ट्रेमधली वाळू दोन दिवसांत बदलावी लागते. दवाखान्यात साखर ४१८ निघाली, डॉक्टरांनी दिवसातून दोनदा इन्शुलिन सांगितलंय. मी आणि नवरा दोघेही पावणेआठची लोकल गाठतो, परत यायला रात्रीचे आठ होतात. मधले बारा तास गोट्या एकटा. आई आमच्याच कॉलनीत राहते. तिलाही मधुमेह आहे, पण मांजराला सुई टोचायला तिचा हात धजत नाही. ओळखीतले काही जण म्हणतात, हे तुम्हाला झेपणार नाही, त्याला शांतपणे जाऊ द्या. खरंच झेपणार नाही का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : झेपेल. तुमच्या पत्रात माझ्या दृष्टीने महत्त्वाची ओळ शेवटची नाही, ‘आई आमच्याच कॉलनीत राहते’ ही आहे. त्याकडे येतेच.

आधी एक काळजी कमी करते. आपल्याकडे मधुमेह नसलेलं घर शोधावं लागतं, त्यामुळे साखर म्हटलं की माणसांचे आकडे डोळ्यांपुढे येतात. उपाशीपोटी इतकी, जेवणानंतर इतकी, तीन महिन्यांची सरासरी सातच्या आत. माणसाला हे सगळं सांभाळावं लागतं कारण त्याला या आजारासोबत तीस-तीस वर्षं काढायची असतात. डोळे, किडनी, हृदय यांची हानी हळूहळू होत असते. गोट्या दहा वर्षांचा आहे, त्याच्यापुढचा काळ त्या मानाने छोटा. बहुतेक कुत्र्यांना मधुमेहात मोतीबिंदू होतो, मांजरांना क्वचित. मांजराच्या मागच्या पायांच्या नसा मात्र अशक्त होऊ शकतात. मग ते पंजांवर न चालता पार घोटा जमिनीला टेकवून चालतं. पण साखर ताब्यात आली की पुष्कळ मांजरं यातून सावरतात.

मांजराच्या किडनीतून लघवीत साखर उतरायला लागते ती रक्तातली साखर साधारण २७० ते २९०च्या वर गेली की. म्हणून दिवसातला बहुतेक वेळ साखर १२० ते ३००च्या दरम्यान राहिली, तर तहान उतरते, ट्रे आटोक्यात येतो, वजन घटायचं थांबतं. मांजराच्या बाबतीत याला चांगलं नियंत्रण म्हणतात. दिवसभर ११० राखायची जिद्द बारा तास बाहेर असणाऱ्या माणसाने धरूच नये. साखर थोडी जास्त राहिली तर गोट्याला चार घोट पाणी जास्त लागेल. ती फार खाली गेली आणि घरात कोणी नसलं, तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. नोकरी करणाऱ्यांनी सगळी आखणी या एका फरकावर करायची.

प्रश्न : ४१८ हा आकडा खरा धरायचा का? दवाखान्यात तो फार घाबरला होता.

उत्तर : चांगली शंका आहे. रिक्षातली पिशवी, बाहेर भुंकणारे कुत्रे, अनोळखी हात एवढ्यानेही मांजराची साखर तीनशेच्या पुढे जाऊ शकते, अगदी निरोगी मांजराचीसुद्धा. एकट्या आकड्यावरून निदान करत नाहीत ते यामुळेच. फ्रुक्टोसामीन नावाची रक्ततपासणी गेल्या एक-दोन आठवड्यांची सरासरी दाखवते, त्या दिवसाच्या भीतीने ती बदलत नाही. पण तुमच्या बोक्याचं वजन उतरलंय, तहान वाढलीये, भूक वाढलीये. शिवाय लघवीतही साखर सापडली असेल, तर फारसा संशय उरत नाही.

एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा. गेल्या वर्षभरात गोट्याला खाजेसाठी किंवा दम्यासाठी इंजेक्शनं दिली होती का? त्यात दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइड असेल, तर तेही कारण असू शकतं. तसं असलं तर ती वाईट बातमी समजू नका. स्टेरॉइड थांबल्यावर मधुमेह मागे हटण्याची शक्यता बरी असते.

प्रश्न : आईच्या फ्रिजमध्ये इन्शुलिन आणि सिरिंज दोन्ही असतात. तेच वापरलं तर चालेल का?

उत्तर : नाही. हे उत्तर जरा लांबवते, कारण या एका गोष्टीत झालेली चूक मांजराचा जीव घेऊ शकते.

पहिलं कारण औषधाचं. आईंचं इन्शुलिन बहुधा मिश्र असेल, त्यातलं एनपीएच प्रकारचं इन्शुलिन मांजराच्या शरीरात फार लवकर संपतं. साखर धाडकन खाली येते आणि काही तासांत परत वर. मांजराला सावकाश उतरणारं, जास्त वेळ टिकणारं इन्शुलिन लागतं. मुख्यतः ग्लार्जीन वापरतात. परदेशात जनावरांसाठी खास तयार केलेलं पीझेडआय इन्शुलिनही मिळतं. ग्लार्जीन माणसांच्या औषधाच्या दुकानात मिळतं, पण चिठ्ठी तुमच्या व्हेटचीच घ्या.

दुसरं कारण सिरिंजचं. आपल्याकडे इन्शुलिन दोन ताकदींत मिळतं, एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. सिरिंजही त्याप्रमाणे दोन, ४०ची लाल टोपीची आणि १००ची नारिंगी टोपीची. ग्लार्जीन बहुधा १००चं असतं. ते लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ‘एक’च्या रेघेपर्यंत ओढलंत तर एक युनिट जाणार नाही, अडीच युनिट जाईल. मांजराचा सुरुवातीचा डोसच साधारण एक युनिट असतो, म्हणजे अडीच पट. उलट चूक झाली तर जेमतेम ०.४ युनिट जाईल आणि ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून तुम्ही डोस वाढवत बसाल. म्हणून गोट्याच्या सिरिंज नारिंगी टोपीच्याच घ्या. त्यातही ३० युनिटची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली मिळाली तर उत्तम. आईंच्या डब्यात त्या चुकूनही मिसळू देऊ नका. आणखी एक, ३०० ताकदीचं ग्लार्जीन पेनमध्ये मिळतं. त्यातलं औषध सिरिंजने ओढून मांजराला द्यायचं नाही.

खर्चाचं गणितही करून ठेवा. दहा मिलीची बाटली म्हणजे १००० युनिट. गोट्याला दिवसाला दोन युनिट लागत असतील, तर २८ दिवसांत संपतात ५६. तीन मिलीची कार्ट्रिज घेतली तर ३०० युनिटच. उघडल्यानंतर कंपनी २८ दिवसांचीच हमी देते. पण फ्रिजमध्ये सांभाळलेलं आणि पाण्यासारखं स्वच्छ असलेलं ग्लार्जीन त्यापुढेही वापरायला अनेक व्हेट हरकत घेत नाहीत. ते गढूळ दिसलं, त्यात तंतू दिसले किंवा ते एकदा गोठलं की फेकून द्या. ते हलवायचं नाही, त्यात पाणी घालायचं नाही, दुसरं इन्शुलिन मिसळायचं नाही. वीज जाणाऱ्या गावात फ्रिज बंद असला, तर पाण्याचा घाम सुटणाऱ्या मातीच्या मडक्यात कोरड्या डब्यात ठेवलं तरी निभतं. डोंबिवलीत ही वेळ क्वचितच यावी.

आणि वापरलेल्या सुया कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. कचरा वेचणाऱ्या बायकांच्या हाताला त्या लागतात. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा आणि भरली की दवाखान्यात द्या.

प्रश्न : दोन इंजेक्शनांत बरोबर बारा तासच लागतात का? आमचं वेळापत्रक कसं बसवायचं?

उत्तर : सकाळी सव्वासात आणि रात्री सव्वाआठ करा. एकीकडे तेरा तास, दुसरीकडे अकरा. एवढी सवलत बहुतेक मांजरांना चालते, मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला. तासाभराने इकडेतिकडे झालं म्हणून जीव टांगणीला लावायची गरज नाही.

जुलैत रुळांवर पाणी आलं आणि घरी पोचायला बारा वाजले, तर? रात्रीचा डोस सोडून द्या, खाऊ घाला आणि सकाळी नेहमीच्या वेळी नेहमीचाच डोस द्या. चुकलेला डोस भरून काढायला दोन एकत्र देणं ही सगळ्यांत धोक्याची दयाबुद्धी. एका चुकलेल्या डोसने मांजराला काही होत नाही, दुप्पट डोसने होतं. हाच नियम आणखी एका प्रसंगाला लागू आहे. टोचताना मांजर सटकलं, केस ओले लागले, औषध आत गेलं की बाहेर सांडलं ते कळेना. परत टोचायचं नाही. वहीत ‘शंकास्पद’ लिहा आणि पुढच्या वेळेची वाट बघा.

टोचणं खरोखरच सोपं आहे. इन्शुलिनची सुई इतकी बारीक असते की वाटीत तोंड घातलेल्या बोक्याला बऱ्याचदा ती कळतही नाही. मानेवरच्या सैल कातडीपेक्षा बरगड्यांच्या बाजूची कातडी चिमटीत धरलेली बरी, आणि रोज बाजू बदला. आधी खाणं, मग सुई हा क्रम मोडू नका. सकाळी त्याने खाल्लंच नाही किंवा उलटी केली, तर साखर मोजून डॉक्टरांना फोन करा. गाडी चुकली तरी चालेल.

आता आईंकडे येते. त्यांनी सुई हातात घ्यायची नाही. त्यांचं काम दुपारी एकदा येऊन गोट्याकडे बघण्याचं. सकाळच्या डोसनंतर साखर सर्वांत खाली येते ती साधारण दुपारी, म्हणजे तुम्ही कामाच्या गर्दीत असताना. शुगर लो झाली की काय होतं हे आईंना पुस्तकातून शिकावं लागणार नाही. हातपाय गळतात, घाम फुटतो, भूक लागते, काही सुचत नाही. मांजराला घाम फुटलेला दिसणार नाही, बाकी चित्र तेच. लडखडत चालतं, कोपऱ्यात दडून बसतं, हाक मारली तरी बघत नाही, अचानक खाण्यावर तुटून पडतं, अंग थरथरतं आणि शेवटी झटके येतात. यातलं काही दिसलं तर पहिला उपाय खाणं. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजचा दाट घोळ बोटाने हिरड्यांवर चोळायचा. झटका आलेल्या मांजराच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, बोटही घालायचं नाही. ओठ बाजूला करून बाहेरून चोळायचं आणि तसंच दवाखान्यात न्यायचं. घरात ग्लुकोजचा डबा ठेवा. व्हेटचा नंबर आणि रात्री उघड्या असणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा पत्ता फ्रिजवर लावून ठेवा.

आईंना जमलं नाही त्या दिवशी वेळेवर उघडणारी खाण्याची पेटी उपयोगी पडते. कुत्र्याच्या बाबतीत जेवण आणि इन्शुलिन यांचा मेळ घालावा लागतो. मांजर मुळात दिवसभर थोडं-थोडं खाणारं, त्यामुळे दुपारी बारा आणि तीनला दोन छोटे घास सुटण्याची सोय केलीत तर साखर घसरली तरी आधार असतो. वेट फूड मे महिन्यात दोन तासांत आंबतं. ते सकाळी गोठवून पेटीत ठेवा, दुपारपर्यंत खाण्याजोगं होतं. वाटीकडे तोंड केलेला साधा कॅमेराही बसवता येईल. मात्र मीटिंगमध्ये दर दहा मिनिटांनी फोनवर झोपलेला बोका बघण्याची सवय लागते, हे आधीच सांगून ठेवते. मधुमेही असो-नसो, बोका दुपारी झोपतोच.

प्रश्न : साखर घरी मोजायची कशी? त्याच्या बोटाला टोचायचं?

उत्तर : कानाला. मांजराच्या कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते. कोमट कापडाने कान शेकून घ्या, मागे कापसाचा बोळा धरा, शिरेच्या जरा बाजूला टोचा. वाटाण्याइतकं नव्हे, मोहरीइतकं रक्त पुरतं. पहिला आठवडा तुम्ही दोघं आणि गोट्या, तिघंही नाराज असाल. पुढे तो स्वतःहून येऊन बसतो, कारण टोचल्यावर त्याला बक्षीस मिळतं. बक्षीस म्हणून शिजवलेल्या चिकनचा तुकडा द्या, बिस्किट नको.

आईंचं ग्लुकोमीटर चालेल, पण त्याचा स्वभाव ओळखून घ्या. मांजराच्या रक्तात साखर लाल पेशी आणि द्रव यांत वेगळ्या प्रमाणात वाटलेली असते, त्यामुळे माणसांचं यंत्र सहसा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. प्राण्यांसाठी वेगळं यंत्र येतं, तेही महाग आणि त्याच्या पट्ट्याही. घरातलं यंत्र वापरायचं ठरलं तर एकदा दवाखान्यात त्याच थेंबावर दोन्ही आकडे घेऊन फरक लिहून ठेवा आणि मग यंत्र बदलू नका.

रोज सकाळी-संध्याकाळी डोसच्या आधी एक आकडा घ्या. नवखेपणी तो २००च्या खाली असला तर ठरलेला डोस देऊन गाडी पकडायची नाही, आधी डॉक्टरांशी बोलायचं. यंत्रावर ६०च्या खाली आकडा दिसला तर इन्शुलिन विसरा आणि खाऊ घाला.

डोस वाढवायचा असेल तर डॉक्टरांना म्हणा, शनिवारी सकाळपासून वाढवू या. सोमवारी वाढवलेल्या डोसचा परिणाम तुम्हाला दिसणार नाही, शनिवारचा दिसेल. त्या दिवशी दर दोन-तीन तासांनी कान टोचून आकडे मांडा. सर्वांत खालचा आकडा किती आणि किती वाजता, हे एकदा कळलं की पुढचे पंधरा दिवस ऑफिसात बसून घाम फुटत नाही.

माणसांच्या दंडावर लावतात तसं चौदा दिवसांचं सेन्सर मांजरालाही लावता येतं. खांद्यांच्या मधे किंवा छातीच्या बाजूला थोडे केस काढून चिकटवतात आणि फोन जवळ नेला की आकडा येतो. मांजरावर ते पूर्ण चौदा दिवस टिकेलच असं नाही, बऱ्याच बोक्यांना ते ओरबाडून काढण्यात रस असतो. शिवाय ते रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतं, त्यामुळे साखर वेगाने बदलत असताना थोडं मागे असतं. तरी सुरुवातीला एक सेन्सर लावून घ्यावं असं मी नोकरी करणाऱ्यांना आग्रहाने सांगते. तुमच्या गैरहजेरीतले बारा तास एकदाच का होईना, आकड्यांत दिसतात.

वही ठेवा. पण वहीत साखरेइतकीच इतर नोंद असू द्या. दर रविवारी वजन. दिवसाला पाणी किती प्यायला. ट्रेमध्ये वाळूचे किती गोळे. किलोमागे दिवसाला ५० मिलीपेक्षा जास्त पाणी जात असेल तर नियंत्रण हुकलंय. आकडे बरे पण बोका वाळतोय, असं झालं तर बोक्यावर विश्वास ठेवा.

प्रश्न : त्याला लहानपणापासून दूध-पोळी आणि पाकिटातलं दाणेदार कॅट फूड. आता काय द्यायचं?

उत्तर : दूध-पोळी बंद, दूध-भातही. हे सांगताना मला आपल्या आज्यांचा रोष पत्करावा लागतो. पण मांजर हे कट्टर मांसाहारी जनावर आहे. उंदीर आणि चिमणी यांत पिष्ट जवळजवळ नसतंच, आणि त्याच्या यकृताकडे पिष्टातून आलेली साखर पटापट हाताळण्याची यंत्रणा कमजोर असते. घरात बसलेला, नसबंदी झालेला, वाटी कायम दाण्यांनी भरलेली, असा बोका मधुमेहासाठी अगदी ठरलेला उमेदवार.

पाकिटावर पिष्टाचा आकडा छापत नाहीत, तो काढावा लागतो. शंभरातून प्रथिनं, स्निग्ध, पाणी, तंतू आणि राख वजा करा. राख छापली नसेल तर दाण्यांसाठी आठ, वेट फूडच्या पाऊचसाठी दोन धरा. एका नेहमीच्या दाण्यांच्या पाकिटाचं उदाहरण घेऊ. प्रथिनं ३२, स्निग्ध १२, पाणी १०, तंतू ४, राख ८. उरले ३४. आता उष्मांकांत बघा. प्रथिनं आणि पिष्ट यांच्या ग्रॅमला साडेतीन, स्निग्धाच्या ग्रॅमला साडेआठ. एकूण ३३३पैकी ११९ पिष्टाचे, म्हणजे ३६ टक्के. आता एक पाऊच. प्रथिनं ९, स्निग्ध ३, पाणी ८३, तंतू १, राख २. उरले २. एकूण ६४पैकी ७, म्हणजे ११ टक्के. मधुमेही मांजरासाठी बारा टक्क्यांच्या आत असलेलं बरं. सगळे पाऊच असे नसतात. रस्सा दाट करण्यासाठी स्टार्च घातलेले असतात, त्यामुळे प्रत्येक पाकिटाचं गणित वेगळं करा. ‘डायबेटिक’ असं लिहिलेल्या दाण्यांचंही करा.

मग नुसतं उकडलेलं चिकन का नको? काही दिवस चालेल, कायमचं नाही. मांजराला टॉरिन नावाचा घटक खाण्यातूनच मिळवावा लागतो. १९८७मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय फुगून निकामी होतं. त्यानंतर तयार खाण्यात टॉरिन वाढवलं गेलं. चिकन उकडून पाणी फेकून दिलं की टॉरिनही मोरीत जातं. शिवाय हाडांशिवायच्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. घरचंच द्यायचं असेल तर पूरक पावडर आणि प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता खाणं बदलण्यातला खरा धोका. पिष्ट कमी झालं की इन्शुलिनची गरज झपाट्याने उतरते, कधी कधी आठवड्याभरातच. कालपर्यंत दोन युनिट लागणाऱ्या बोक्याला आज ते जास्त होतात. म्हणजे उपचार यशस्वी होत असतानाच साखर खाली कोसळते. म्हणून डॉक्टरांना न सांगता खाणं बदलू नका. बदलाल तेव्हा हळूहळू बदला, आणि त्या आठवड्यात आईंची दुपारची फेरी चुकू देऊ नका. शक्य असेल तर एकाने दोन दिवस घरून काम करावं.

आणि उपाशी ठेवून वजन उतरवायचं नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर चरबी यकृतात साचून ते निकामी होऊ शकतं. ‘भूक लागली की खाईल’ हे मुलांच्या बाबतीत ठीक, बोक्याच्या बाबतीत नाही.

प्रश्न : गोळ्यांवर भागणार नाही का? आईच्या गोळ्या आहेत, शेजारीण कारल्याचा रस सुचवते.

उत्तर : कारलं राहू द्या. मांजराला ते पाजण्याच्या झटापटीत त्याची साखर वाढेल, तुमचा रक्तदाब. आईंच्या गोळ्याही नकोत.

मांजरांसाठी गोळी आली आहे हे मात्र खरं. अमेरिकेत डिसेंबर २०२२मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि ऑगस्ट २०२३मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन या औषधांना मान्यता मिळाली. पहिली गोळी, दुसरं पातळ औषध, दोन्ही दिवसातून एकदाच. साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी ही औषधं, माणसांच्या ग्लिफ्लोझिन गोळ्यांच्याच कुळातली. नोकरी करणाऱ्याला हे ऐकूनच हायसं वाटतं. पण ज्या मांजराने आधी इन्शुलिन घेतलेलं आहे त्याला ती देत नाहीत. आणि त्यांचा धोका फसवा असतो. साखर नेहमीसारखी दिसते आणि आत रक्तात कीटोन नावाचं आम्ल साचत जातं. मांजर खात नाही, ओकतं, निपचित पडतं, आणि घरचे म्हणतात, आकडा तर बरा आहे. त्यामुळे मांजर इन्शुलिनवर जाण्याआधीच, रक्ताच्या सगळ्या तपासण्या आणि कीटोनची चाचणी करून डॉक्टरांनी ठरवायची ही गोष्ट आहे. तुमचं इन्शुलिन अजून सुरू व्हायचं असेल तर आजच विचारा. माणसांची डापाग्लिफ्लोझिन तोडून अर्धी-पाव करून देण्याचा प्रयोग करू नका.

कीटोनचा धोका इन्शुलिनवरच्या मांजरालाही असतोच. गोट्या दिवसभर जेवला नाही, उलट्या करतोय, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतोय, तर उद्या सकाळची वाट बघू नका. मुंबई परिसरात रात्री-बेरात्री जाण्यासारखे दवाखाने आता आहेत, नंबर आधीच काढून ठेवा.

प्रश्न : हे जन्मभराचं आहे का?

उत्तर : कदाचित नाही, आणि मांजराच्या मधुमेहातली ही सगळ्यांत आशेची बाजू आहे. कुत्र्याचा मधुमेह सहसा जात नाही. मांजराचा बराचसा माणसाच्या टाइप टूसारखा असतो. स्वादुपिंड थकलेलं असतं, पूर्ण मेलेलं नसतं. त्याला वेळेत विश्रांती मिळाली तर काही मांजरांचं इन्शुलिन सुटतं. कर्स्टन रूम्प आणि जॅकी रँड यांनी २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५५ मांजरं होती, ग्लार्जीन आणि कमी पिष्टाच्या आहारावर. त्यातल्या ६४ टक्क्यांचं इन्शुलिन सुटलं. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत काटेकोर उपचार सुरू झालेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होतं, उशिरा सुरू झालेल्यांत ३५.

हे आकडे वाचून हुरळून जाण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. ते मालक घरी दिवसातून अनेकदा साखर मोजणारे होते. तुम्हाला तेवढं जमणार नाही, आणि ते भासवायची गरजही नाही. तुमच्या हातात आहे ते म्हणजे कमी पिष्ट, वेळेवर डोस, आटोक्यातलं वजन आणि पहिले सहा महिने वाया न घालवणं. उलट बाजूही सांगते. डोस वाढवत सुटलात आणि तरी साखर हलतच नसेल, बोक्याचं वजन वाढतंय, डोकं-पंजे मोठे दिसतायत, तर डॉक्टरांना वाढीच्या संप्रेरकाची तपासणी सुचवा. मेंदूतल्या ग्रंथीच्या गाठीमुळे होणारा मधुमेह मांजरांत वाटतो तितका दुर्मीळ नाही.

प्रश्न : शेवटचं. दिवाळीत चार दिवस गावी जायचंय.

उत्तर : जा. प्रवासात गोट्याला बरोबर नेण्यापेक्षा घरीच ठेवा. जागा बदलली की काही मांजरं खाणं सोडतात आणि इन्शुलिनवरच्या मांजराने खाणं सोडणं परवडत नाही. टोचू शकणारा माणूस आतापासून शोधा. व्हेटच्या दवाखान्यातला मदतनीस फीवर घरी येतो का, विचारा. मांजरं पाळणारी कॉलेजातली मुलगीही चालेल, हात स्थिर हवा एवढंच. जाण्यापूर्वी तिने तुमच्यासमोर दोनदा तरी स्वतः टोचलेलं असावं. सिरिंजवर डोसच्या रेघेला मार्करने खूण करून दाखवा. ‘खाल्लं नाही तर टोचायचं नाही, फोन करायचा’ हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. फटाक्यांच्या रात्री त्याला आतल्या खोलीत बंद ठेवायला सांगा, नाहीतर सकाळचा आकडा बघून ती पोरगी घाबरेल. आणि त्या आठवड्यात डोस, खाणं, इन्शुलिनची कंपनी यांतलं काहीही बदलू नका. नवी कार्ट्रिज उघडायची असेल तर तुम्ही परत आल्यावर उघडा.